नृत्य दोघांचे, गीत कोणाचे?

विवाहसंस्कारात वधूवरांनी कोणते शब्द उच्चारावेत, याविषयी ख्रिस्तसभा फार काटेकोर आहे. पवित्र उपासनेविषयीच्या १९६३ च्या परिषदीय संविधानाने लोकभाषेला वेदीपर्यंत वाट करून दिली आणि पुढे आपल्या धर्मग्रामांतील वधूवर आपले वचन मराठीत देऊ लागले. त्या वचनात एकही शब्द शोभेचा नसतो. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याची ती कबुली असते आणि ती ऐकण्यासाठी साक्षीदार लागतात.

त्यानंतर काही तासांनी, स्वागतसमारंभात, आणखी एक क्षण येतो. ग्रँड मार्च आटोपतो, केक कापला जातो, टोस्ट उंचावला जातो आणि मग सूत्रसंचालक मंडळींना नृत्याची जागा मोकळी करण्याची विनंती करतो. वधूवर दोघेच मध्यभागी येतात. साऱ्या समारंभात हीच तीन-चार मिनिटे अशी असतात की, कोणी भाषण करीत नाही, कोणी जेवत नाही आणि सर्वांचे डोळे त्या दोघांवर खिळलेले असतात. त्या शांततेत बोलते ते फक्त गीत. वेदीपुढे जे साक्षीदार होते, तेच येथे श्रोते असतात. म्हणून पहिल्या नृत्याचे गीत हे वधूवरांचे दुसरे, अनौपचारिक वचनच ठरते. पहिल्या वचनाचा प्रत्येक शब्द शतकांच्या चाळणीतून आलेला. दुसऱ्याचे शब्द मात्र पुष्कळदा कोणी नीट वाचूनही पाहिलेले नसतात. या गीतांकडे वाङ्मय म्हणून पाहावे आणि त्यांचा अर्थ तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या मावळात हा विषय अलीकडे अधिक जवळचा झाला आहे. लोणावळ्यालगतच्या औंढे गावाच्या परिसरात बंगले उभे राहिले आणि लग्नसमारंभासाठी मुंबईची मंडळी घाट चढून व पुण्याची मंडळी मावळ ओलांडून इकडे येऊ लागली. अशा एखाद्या हिरवळीवर, एकाच मंडपाखाली, वसईची सामवेदी, मुंबईच्या गावठाणांतली ईस्ट इंडियन बोली, गोव्याची कोकणी, पुण्याची प्रमाण मराठी आणि तरुणांची इंग्रजी या सगळ्या भाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. पंगतीची व्यवस्था पाहणारी गावची माणसेही कडेला उभी राहून हे नृत्य पाहतात. अशा सभेपुढे दोघांनी काय म्हणावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

येथे एक आक्षेप येतो. "फादर, चर्चमधल्या गीतांचे नियम आम्ही पाळतो, पण हॉलमधल्या गाण्याशी चर्चचा काय संबंध?" असे वधूवर विचारतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. उपासनेतील संगीताला उपासनेचे नियम आहेत. स्वागतसमारंभ हा कुटुंबाचा आनंदोत्सव आहे आणि तेथे धर्मगुरू हा इतरांसारखाच एक पाहुणा असतो. पुढे जे लिहिले आहे ते आज्ञा म्हणून नव्हे, तर एका वाचकाचे मत म्हणून घ्यावे.

नृत्याला नाक मुरडण्याचे तर काहीच कारण नाही. कराराच्या कोशापुढे दावीद राजा नाचला. आपल्या प्रभूने पहिले चिन्ह केले तेही काना गावच्या लग्नघरात. ज्या वॉल्ट्झला आज आपण जुनी, सभ्य परंपरा समजतो, तिच्याविषयी १८१६ साली लंडनच्या 'टाइम्स'ने संतप्त मजकूर छापला होता. स्त्रीपुरुषांनी इतके निकट येऊन नाचणे त्या काळच्या सभ्यतेला मानवले नव्हते. एका पिढीचा अविनय दुसऱ्या पिढीची मर्यादा कसा बनतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. तेव्हा वाद नृत्याच्या प्रकाराशी नाही. मुद्दा शब्दांचा आहे.

आता काही गीतांकडे वळू. आपल्या जुन्या बँडमंडळींच्या वहीत 'टेनेसी वॉल्ट्झ' हे गीत हमखास असे. पॅटी पेज या गायिकेने १९५० साली ते घरोघरी पोहोचविले. चाल अतिशय गोड, ताल वॉल्ट्झचा, म्हणून लग्नातही ते वाजते. पण त्या गीताची कथा काय आहे? एक स्त्री आपल्या प्रियकरासह नाचत असताना तिला जुनी मैत्रीण भेटते, ती त्या दोघांची ओळख करून देते आणि ती मैत्रीण त्याच नृत्यात तिचा प्रियकर घेऊन जाते! ज्या क्षणी वधू वराच्या हातात हात देऊन पहिले पाऊल टाकते, त्याच क्षणी गीत सांगते की, अशाच एका नृत्यात कुणी आपले सर्वस्व गमावले.

हे उदाहरण एकटे नाही. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गीत डॉली पार्टन यांनी १९७४ साली प्रकाशित केले. पोर्टर वॅगनर या ज्येष्ठ सहकारी गायकापासून व्यावसायिक दृष्ट्या वेगळे होताना त्यांनी ते लिहिले होते. १९९२ च्या 'द बॉडीगार्ड' चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायिले आणि जगभरच्या लग्नांत ते शिरले. मुखड्यात अखंड प्रेमाची ग्वाही आहे हे खरे. परंतु सारे गीत निरोपाचे आहे, आणि गाणारी व्यक्ती निघून चालली आहे. 'द पोलीस' या वाद्यवृंदाचे १९८३ चे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' वरवर प्रेमगीत वाटते. बारकाईने ऐकले तर ते सोडून गेलेल्या स्त्रीवर पाळत ठेवणाऱ्याचे गीत आहे. हिंदीतही तेच. 'ऐ दिल है मुश्किल' (२०१६) मधले 'चन्ना मेरेया' हे गीत नायक आपल्या प्रेयसीच्या लग्नसमारंभात गातो, आणि ते लग्न दुसऱ्याशी असते. तरीही हे सूर खऱ्या लग्नांच्या मंडपांत निःशंकपणे वाजविले जातात.

असे का होते? याचे उत्तर वधूवरांच्या निष्काळजीपणात शोधण्यापेक्षा प्रेमगीताच्या प्रकृतीतच शोधावे लागेल. प्रेमगीत बहुधा अभावातून जन्मते. जे अद्याप मिळालेले नाही त्याची ओढ, किंवा जे हरपले त्याचा शोक, ही त्याची दोन मोठी क्षेत्रे आहेत. प्राप्तीचे, सहवासाचे, एकत्र संसार करण्याचे गीत विरळा. कारण तेथे व्याकुळता कमी आणि व्याकुळतेवाचून कवीची लेखणी सहसा हलत नाही. ओढीचे गीत लग्नाच्या आदल्या वर्षी शोभते, विरहाचे गीत काव्यसंग्रहात शोभते. लग्नाच्या दिवशी मात्र दोघे ना दूर आहेत, ना हरपलेले आहेत. ते समोरासमोर उभे आहेत. त्या दिवसाला साजेसे गीत शोधावे लागते, कारण ते दुर्मीळ आहे.

"पण शब्द ऐकतो कोण? चाल गोड असली म्हणजे झाले," असा दुसरा आक्षेप असतो. त्याला दोन चालींचा इतिहासच उत्तर देईल. 'प्लेझिर दामूर' ही फ्रेंच चाल मार्टिनी या संगीतकाराने १७८४ साली रचली. तिचे मूळ शब्द विश्वासघाताने पोळलेल्या प्रियकराची तक्रार मांडतात. जवळपास पावणेदोनशे वर्षांनी, १९६१ च्या 'ब्लू हवाई' चित्रपटासाठी, त्याच चालीच्या आधारे एल्व्हिस प्रेस्ली यांचे 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' तयार झाले. जुन्या तक्रारीच्या जागी संपूर्ण समर्पण आले, आणि म्हणून ते गीत आज पहिल्या नृत्याला शोभते. दुसरी चाल इव्हानोविची या रुमेनियन बँडमास्तरांची 'डॅन्यूबच्या लाटा' (१८८०). मूळची ही निःशब्द वॉल्ट्झ. १९४६ साली 'द जोलसन स्टोरी' या चित्रपटात तिला शब्द मिळाले आणि 'ॲनिव्हर्सरी साँग' जन्मले. त्यात वृद्धत्वाकडे झुकलेले दांपत्य आपल्या लग्नाच्या रात्रीचे नृत्य आठवते. लग्नाचे नृत्य हाच विषय असलेले आणि त्या नृत्याकडे संसाराच्या दुसऱ्या टोकावरून पाहणारे हे गीत, आमच्या मते, या साऱ्या प्रकारातील अत्यंत प्रामाणिक गीतांपैकी एक आहे. दोन्ही ठिकाणी चाल तीच राहिली. शब्द बदलले आणि गीताचा धर्म बदलला. शब्दांना महत्त्व नाही असे ज्यांना खरोखरच वाटते, त्यांनी व्हायोलिनवर किंवा सॅक्सोफोनवर नुसती धून वाजवून घ्यावी. तो मार्गही प्रामाणिक आहे.

मात्र विवाहात दुःखाला जागाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. वधू माहेर सोडते. पाठवणीचे अश्रू हे लग्नाचेच अश्रू आहेत. गोव्याच्या मांडोने हे फार सुंदर रीतीने जाणले आहे. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या कुडतरी, लोटली, बाणावली या गावांतील ख्रिस्ती घराण्यांत हा नृत्यगीतप्रकार बहरला. अभ्यासकांनी मांडोंची वर्गवारी करताना उत्कंठा, मीलन आणि विलाप असे विभाग पाडले आहेत; म्हणजे मीलनाला तेथे स्वतंत्र दालन आहे. तोर्काद द फिगेरेद (१८७६–१९४८) यांचा 'आदेव्स कोरचो वेळु पावलो' हा निरोपाचा मांडो आजही समारंभ संपताना गायिला जातो. तो हृदय पिळवटणारा आहे, पण त्याची जागा शेवटी आहे हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. समारंभाच्या आरंभी तो कोणी गात नाही. औचित्यविचार म्हणतात तो हाच.

मांडोच्या नृत्यरचनेतही शिकण्यासारखे आहे. पुरुषांची एक रांग आणि स्त्रियांची एक रांग समोरासमोर येते. स्त्रियांच्या हातात पंखा, साथीला घुमट आणि व्हायोलिन. स्पर्श न करता दोन रांगा जवळ येतात, दूर जातात, जागा बदलतात. गीतरत्नाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभी, काही भाषांतरांत सहाव्याच्या शेवटी, 'महनाईम'च्या नृत्याचा उल्लेख येतो. त्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'दोन छावण्या' असा होतो. दोन रांगांचा मांडो पाहताना त्या उल्लेखाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. विवाह म्हणजे दोन व्यक्तींप्रमाणेच दोन घरांचे जवळ येणे आहे, हे अशा नृत्यात डोळ्यांना दिसते. आजच्या पहिल्या नृत्यात दोघेच असतात आणि दोन्ही घरे भिंतीला टेकून उभी असतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील 'उंबराच्या पाण्या'चा विधी घ्या: बाया वाजतगाजत, गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि लग्नाच्या न्हाणासाठी पाणी आणतात. त्या गाण्यांतही घर, नाती आणि गाव यांचीच हाक आहे. आपल्याकडे विवाहगीतांची उणीव नव्हती. ती गीते आपण हिरवळीवर न आणता न्हाणीघराजवळच ठेवून आलो.

आपल्या परिसराची साक्षही काढता येईल. याच मावळ तालुक्यात भाजे येथे इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेली लेणी आहेत. तेथील एका शिल्पात एक स्त्री तबल्यासारख्या जोडवाद्यावर ताल धरते आहे आणि दुसरी नाचते आहे. समोरच्या डोंगरावर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. हे दांपत्य एकमेकांत हरवून गेलेले नाही. ते आत येणाऱ्या माणसाकडे तोंड करून उभे आहे. धर्म निराळा, काळ निराळा. पण या खोऱ्यात नृत्याला आणि जोडप्याला समाजासमोर उभे करण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे, हे विसरता कामा नये.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजी गीताला आमचा विरोध नाही. वर उल्लेखिलेले एक-दोन इंग्रजी गीतांचे नमुने आम्हांस मनापासून आवडतात. परंतु ज्या आजीने नातवासाठी वर्षानुवर्षे रोझरी म्हटली, तिला त्याच्या दुसऱ्या वचनातले एक अक्षरही समजू नये, याची खंत वाटते. पहिले वचन तिच्या भाषेत झाले आणि दुसरे परक्या भाषेत. तिने काय करावे? नुसते पाहत बसावे?

आपल्या भाषांत नाचता येत नाही ही समजूत चुकीची आहे. कोकणीत क्रिस पेरी (१९२८–२००२) आणि लोर्ना यांनी पाश्चात्त्य नृत्यतालांत कोकणी गीते गाऊन ती केव्हाच खोटी ठरविली. त्या काळावर आधारलेल्या 'नाचुंया कुंपासार' (२०१४) या चित्रपटाने नव्या पिढीलाही ती गीते ऐकविली. मराठीचे काय? दादरा हा आपला सहा मात्रांचा ताल तीन-तीनच्या दोन भागांत विभागलेला आहे, आणि वॉल्ट्झचे पाऊल तीन मात्रांचे असते. म्हणजे दादऱ्यात बांधलेल्या संथ मराठी भावगीतावर वॉल्ट्झचे पाऊल बसू शकते. तालाला पासपोर्ट लागत नाही. संथ वॉल्ट्झला मिनिटाला साधारण ८४ ते ९० ठोके लागतात. त्या लयीचे गीत निवडले तर नवशिक्या वधूवरांचीही तारांबळ उडत नाही.

मराठी भावगीताने आणखी एक देणगी दिली आहे, ती म्हणजे द्वंद्वगीताची. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले 'शुक्रतारा' पाहा. येथे प्रेम हरपलेले नाही; दोघेही उपस्थित आहेत, दोघेही बोलतात, आणि मागणे आहे ते जवळ राहण्याचे. बहुतेक लोकप्रिय प्रेमगीतांत एकच आवाज असतो आणि दुसरी व्यक्ती केवळ वर्णनाचा विषय होते. विवाहात तसे चालत नाही. गीतरत्नात वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. तोबितच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात लग्नाच्या रात्री तोबिया आणि सारा दोघेही प्रार्थनेस उभी राहतात आणि साराही शेवटी 'आमेन' म्हणते. दोन आवाज हे विवाहगीताचे पहिले लक्षण आम्ही मानतो.

या साऱ्या विवेचनातून काही निकष हाती येतात. गीतातील दोघे एकमेकांजवळ आहेत की एक निघून गेलेला आहे? बोलतो एकच की दोघे? समोरच्या मंडळींना, निदान घरच्या वडीलधाऱ्यांना, ते समजते का? आणि शेवटी, त्यावर सहज पावले पडतात का? या चारही निकषांना उतरणारे गीत क्वचितच सापडेल. पण पहिल्या निकषावर तडजोड करू नये. याकरिता एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. गीत कोणत्याही भाषेतले असो, वधूवरांनी त्याचा आशय साध्या मराठी गद्यात चार-पाच वाक्यांत लिहावा आणि जेवणाच्या वेळी घरच्यांना वाचून दाखवावा. वाचताना मान खाली गेली नाही, तर गीत योग्य आहे असे समजावे. 'टेनेसी वॉल्ट्झ' या कसोटीवर पहिल्याच वाक्यात गळून पडेल. शिवाय हे काम दोघांनी मिळून केले, तर लग्नाआधी त्यांनी एकत्र वाचलेली ती पहिली कविता ठरेल. पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' (२०१६) या पत्रात, निमंत्रणे, पोशाख आणि मेजवानी यांच्या तयारीतच दांपत्याची शक्ती व आनंद संपून जातो, याकडे लक्ष वेधले आहे. त्याच पत्रात तरुण प्रेमाला भविष्याकडे नाचत जाण्याची उपमाही दिली आहे. गीताची विचारपूर्वक निवड ही तयारीतली अशी एक बाब आहे की, जिला पैसा लागत नाही.

अखेरीस आपल्या कवींना एक विनंती. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. श्रोत्यांना कानाचे लग्न त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओवीत ऐकता यावे, म्हणून त्या परक्या माणसाने मराठी आत्मसात केली. आज आपल्या समाजात कवींची वाण नाही; या त्रैमासिकाचा प्रत्येक अंक त्याची ग्वाही देतो. भक्तिगीते आपण पुष्कळ लिहिली, नाताळची गीतेही लिहिली. दोन आवाजांचे, सहा मात्रांचे, संसाराची सुरुवात सांगणारे आणि आजीला कळणारे एक मराठी नृत्यगीत अद्याप लिहून व्हायचे आहे. ते कोणी लिहिले, तर औंढ्याच्या हिरवळीवर ते वाजविणारे वादक आणि त्यावर पहिले पाऊल टाकणारे वधूवर मिळण्यास वेळ लागणार नाही.